यंत्राची मोरकी

सामसा पुढे करणाऱ्या बाईच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. अंगठ्याशेजारचं होतं, मग एकदम करंगळी, आणि मधल्या मोकळ्या जागेत कागदात गुंडाळलेला गरम सामसा, मांस भरून तंदुरात भाजलेला समोसाच, नीट बसला होता. बुरुलने नोट पुढे केली ती तशीच धरून राहिली. बिश्केकच्या ओश बाजारामागच्या या टपरीवर ती वर्षानुवर्षं दुपारचं खात आली होती, आज जरा ऊन कलल्यावर, पण ही बाई नवी होती.

"घ्या की एजे, भाजतंय मला," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी बाई म्हणाली. मग बुरुलची नजर कुठे अडकली आहे ते पाहून हसली. "सगळेच बघतात. कणीक मळायच्या यंत्रात गेली. मालकानं तेवढी कणीक काही फेकली नाही हं, लग्नाची ऑर्डर होती. कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही मी."

"जाळी नव्हती यंत्राला?"

"होती ना. वर केलेली होती. जाळी खाली ठेवून कुणाचं काम उरकलंय?" असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बुरुल रस्त्याकडेच्या पॉपलरच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. एरवी ती सामसा खायची तो चरबीचा ओघळ मनगटावर येऊ न देता, कोपरा आधी चावून, आतला रस ओढून. आज ओघळ बाहीत गेला तरी तिला कळलं नाही. घास तोंडात नुसता फिरत राहिला. सकाळपासून काहीतरी तिला टोचत होतं, दातात मांसाचा धागा अडकावा तसं, जीभ तिथेच जात होती आणि धागा निघत नव्हता. आता तो निघाला. सकाळी मोल्दोकुल म्हाताऱ्याच्या बंद केलेल्या बेकरीत, तिने विकत घेतलेलं कणीक मळायचं यंत्र टेम्पोत चढवायच्या आधी, म्हातारा त्याच्यावर वाकला होता. हातात पेचकस होता. मग काहीतरी लहानसं त्याच्या कोटाच्या खिशात गेलं, आणि खिशावरून त्याने हात फिरवला. ते काय होतं हे तिने पाहिलं नव्हतं, कारण पाहायचं नसतं. त्या वेळी ती पाठ करून खिडकीतून समोरच्या घराचं धुराडं बघत होती. पण कान तर पाठ फिरवत नाहीत. पेचकसाचा आवाज आला होता तो जाळीच्या बाजूने, हे तिला आत्ता, तोंडात घास असताना, स्वच्छ आठवलं.

पाठ फिरवणं ही बुरुलची खरी पुंजी होती. जुनी यंत्रं विकणारे बिश्केकमध्ये पुष्कळ. बंद पडलेली कॅफे, शिवणकारखाने, न्हाव्यांची दुकानं, छापखाने, सगळ्यांचं सामान उचलायला कुणी ना कुणी टपलेलाच असतो. पण लोक एकमेकांना सांगायचे, बुरुलला बोलव, तिला कळतं कधी पाठ फिरवायची. धंदा बंद करणारा माणूस शेवटच्या क्षणी यंत्राचं काहीतरी काढून ठेवतो. कॉफीच्या यंत्राची एखादी कळ, शिवणयंत्राचा दाबपाय, वजनकाट्याचं एखादं माप, फ्रीजरच्या दाराचं हँडलसुद्धा. असली सुटी वस्तू कुणी मागत नाही, कुणी देत नाही. विकणारा ती काढतो, घेणारा बघत नाही. बरकत अख्खीच्या अख्खी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून. तरुण दलाल भांडायचे, हँडल परत आणा म्हणायचे, भाव पाडायचे. बुरुल चहा मागायची, खिडकीशी जायची आणि म्हणायची, काय धुकं आहे हो आज. उन्हातसुद्धा म्हणायची.

हे तिने वडिलांकडून घेतलं होतं. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, ती लहान असताना, वडिलांनी तांबडा घोडा विकला. विकत घेणारा दोर आणून उभा होता. वडिलांनी घोड्याच्या तोंडावरची मोरकी उतरवली, आपल्या खांद्यावर टाकली, मग कोटाच्या पदराने घोड्याच्या ओठांवरची लाळ पुसून घेतली. दुसरा माणूस तेवढा वेळ डोंगराकडे बघत राहिला. मग त्याने आपला दोर घोड्याच्या गळ्यात घातला. घोडा मुकाट्याने गेला. बुरुल रडली होती, आणि वडील म्हणाले होते, वेडी कुठली, घोडा गेला, त्याचं नशीब घरात आहे. मोरकी मग दाराशी लटकत राहिली आणि त्यानंतरही घरात घोडे आले, हे खरं. पण घोड्याला कुठलाही दोर चालतो, हा विचार तिला आजवर कधी आला नव्हता. कुणाच्याही दोराने घोडा बांधता येतो. तो कुणाच्याही हातात घोडाच राहतो. यंत्राचं तसं नाही. यंत्राच्या कुठल्या तुकड्यात काय आहे, हे जिला माहीत असायला हवं ती ती स्वतःच होती, आणि ती धुराडं बघत होती.

यंत्र दुपारच्या आतच विकलं गेलं होतं. अक-ओर्दो वस्तीतलं तरुण जोडपं, साइकाल आणि एर्मेक. पोरीने घरामागे खोली बांधून घेतली होती, तंदूर बसवला होता, आसपासच्या दुकानांशी बोलून ठेवलं होतं, फक्त यंत्र हवं होतं, कारण हाताने मळून तिचे खांदे भरून आले होते. बुरुलने आपल्या गोदामात यंत्र चालू करून दाखवलं. भांडं फिरलं, आतला जाड आकडा फिरला, आवाज गोल, कुठे खरखर नाही. जाळी वर होती. जाळी वर होती आणि यंत्र फिरत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोळ्यांसमोर होत्या, बाजूबाजूला, आणि तिच्या मनात त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. जाळीखाली एक खटका असतो, जाळी उचलली की तो सुटतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण साइकाल कौतुकाने टाळ्या वाजवत होती, आणि बुरुलच्या तोंडून गेलं, "चालतंय की झकास!" मोल्दोकुल तेव्हा तिथेच होता, आपलं यंत्र कुणाकडे जातंय ते पाहायला हटकून आलेला. त्याने पोरीला सांगितलंही, बाळ, कणीक फिरत असतानाच हात घालून बघत जा. बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही. साइकालने मान डोलावली. बुरुलनेही डोलावली होती, तेच तिला आता सहन होईना.

तिने साइकालला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. संध्याकाळी पहिली कणीक लावते म्हणाली होती पोरगी. हात कणकेत असतील तर फोन कोण उचलणार? कणकेत असतील हात. बुरुलने उरलेला सामसा झाडाच्या बुंध्याशी ठेवला, कुत्र्याने तो तिच्या देखत नेला, आणि फोन तिच्या कानाशी वाजतच होता. न उचललेला फोन तिला ओळखीचा होता. तिची मुलगी चोल्पोन कामासाठी रशियात कझानला गेली तेव्हापासून तो असाच वाजत राहतो. कामावर आहे, नंतर करते, असं तुटक उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. विमानतळावर चोल्पोनला रडू फुटलं होतं. बुरुलने तेव्हाही पाठ फिरवली. पोरीला मोकळेपणी रडू द्यावं, आईसमोर लाज वाटू नये, म्हणून ती समोरच्या जाहिरातीतल्या चहाच्या पेल्याकडे बघत उभी राहिली. वळली तेव्हा पोरगी तपासणीच्या दारापलीकडे गेलेली होती. नंतर कधीतरी फोनवर चोल्पोन म्हणाली, तू तर बघितलंसुद्धा नाहीस. बुरुलला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि ती म्हणाली, "तिथे थंडी असेल, टोपी घाल."

गेना टेम्पो घेऊन आला तेव्हा तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. टरफलं डाव्या मुठीत, बिया उजव्या. तो तिचा ड्रायव्हर, तिचा मेकॅनिक, आणि तिच्या मते शहरातला सगळ्यात बोलका रशियन.

"कुठे, एजे? गोदामात?"

"मोल्दोकुलकडे."

"सकाळीच तर गेलो होतो. काय विसरलं?"

"त्यानं जाळीचा खटका काढून ठेवलाय, गेना."

गेनाने बिया खाणं थांबवलं. "मग सरळ पोरीकडे जाऊ या ना. आधी यंत्र बंद करू, खटक्याचं मागनं बघता येईल."

तो बरोबर बोलत होता. बुरुलला ते लगेच कळलं आणि तरी ती म्हणाली, "म्हातारा रस्त्यातच आहे." म्हातारा रस्त्यात नव्हता. रिकाम्या हाताने अक-ओर्दोला गेलं तर काय सांगायचं, हा प्रश्न होता. यंत्र परत घ्यावं लागेल, शब्द परत घ्यावा लागेल, आणि बाजारात सगळीकडे बोभाटा होईल की बुरुलने मोडकं यंत्र नव्या सुनेच्या गळ्यात मारलं. खटका हातात असला तर आपण तो बसवायलाच आलोय असं म्हणता येईल. एवढ्यासाठी ती एका पोरीची बोटं रस्त्यातल्या लाल दिव्यांच्या हवाली करत होती. तिला स्वतःची घाण वाटली. तरी तिने गेनाला वळायला सांगितलं नाही, फक्त पुन्हा फोन लावला आणि तो वाजताना ऐकत राहिली.

"मोठ्यानं लाव ना," गेना म्हणाला, "मीही ऐकतो. दोघांनी ऐकलं तर कदाचित उचलेल."

"गप रे."

मॉस्को रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. पदपथावर पानांचे ढीग पेटवले होते, धूर खिडकीतून आत येत होता. शेजारच्या मिनीबसमध्ये एक बाई काचेला डोकं टेकून झोपली होती, तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, आणि बुरुल तिची बोटं मोजत बसली. मग गेनाची, स्टिअरिंगवरची. मग आपली. कुणाचीही बोटं दिसली की डोळे तिथेच जात होते. माणसाला किती बोटं असतात आणि ती किती उघडी असतात, सगळीकडे पुढे, सगळ्यात आधी. कुठेही काही दिसलं की पहिल्यांदा तीच जातात. चोल्पोन लहान असताना शिवणयंत्राच्या सुईखाली बोट ठेवून विचारायची, आई, आत्ता चालवलं तर? आणि बुरुल ओरडायची. तेव्हा ओरडायची. कधीपासून आपण ओरडणं सोडून दिलं आणि खिडक्यांशी जाऊन उभं राहायला लागलो, हे तिला आठवून सापडेना.

मोल्दोकुल दारातच भेटला. बेकरी त्याच्या घराला लागूनच होती, सकाळी यंत्र काढल्यावर जमिनीवर त्याचा चौकोन राहिला होता, आजूबाजूला पीठ आणि मधे स्वच्छ फरशी. तो त्या चौकोनाच्या कडेला स्टूल टाकून बसला होता. बुरुलला बघून उठला, छातीवर हात ठेवला, चहाचं विचारलं.

"चहा नको, अता," बुरुल म्हणाली, वडिलांच्या वयाच्या माणसाला म्हणतात तसं. "सकाळी काढून ठेवलंत ते द्या."

म्हाताऱ्याचा चेहरा बंद झाला. असं कुणी विचारत नाही. मुलीने बापाला विचारू नये तसलं काही तिने विचारल्यासारखा तो खाली बघायला लागला. "काय काढलं मी?"

"जाळीचा खटका."

"तू तर पाठ फिरवली होतीस."

"होती."

"मग तू दिलंस ते. पाठ फिरवली म्हणजे दिलं. तुझ्या वयाच्या बाईला हे मी शिकवायचं?"

"अता, त्याच्यावर पोरीची बोटं अवलंबून आहेत."

मोल्दोकुल चिडला तेव्हा त्याचा आवाज उलट खाली गेला. "ऐक. मी आयुष्यभर भाकरी भाजली. तो खटका पहिल्या वर्षीच मी बाजूला केला, तारा एकमेकींना पिळून टाकल्या. दर वेळी जाळी उचलली की बंद, उचलली की बंद, भाकरी व्हायची कधी? तेव्हापासून तो नुसता चिकटलेला होता. काढताना मी विचार केला, नाही असं नको समजूस. कळ काढली असती तर पोरीला त्रास. आकड्याचा पेच काढला असता तर त्रास. ज्याच्यावाचून यंत्राचं काही अडत नाही, नेमकं तेच घेतलं. कुणाचं नुकसान नको म्हणून." त्याने दोन्ही हात पुढे केले आणि बोटं पसरली. पीठ नखांच्या कडांत कायमचं बसलं होतं. "बघ. आहेत ना सगळी?"

होती. दहाच्या दहा, जाड, सांध्यांवर सुजलेली, शाबूत. बुरुलला वाटलं, हेच तर याने ठेवून घेतलंय. तो खटका त्याला नशिबाचा तुकडा वाटतो, कारण इतकी वर्षं त्याचं नशीब खरंच तिथे काम करत होतं, खटक्याच्या जागी बसून. आणि हे नशीब यंत्राबरोबर गेलेलं नाही, ते इथे या दहा बोटांत बसलंय, आणि तिकडे पोरीकडे नुसतं लोखंड गेलंय. तिला त्याचा राग येईना. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

"साइकालची बोटं तुमच्यासारखी शिकलेली नाहीत, अता. आज तिचा पहिला दिवस आहे. आणि हात घालून बघत जा, असं तुम्हीच तिला सांगितलंत."

तो स्टुलावर बसला. आत कुठेतरी त्याची बायको भांडी लावत होती. "मुलगा म्हणतो विकून टाक, छातीत पीठ गेलंय तुझ्या," तो मग म्हणाला. "विकलं. आता सकाळी उठून मी काय करायचं? तेवढं एक राहिलं होतं हातात. ते दिलं की मग मी कुणीच नाही."

"तुम्ही आहातच की."

"हे तू बोलतेस," तो म्हणाला. "बरं. पाठ फिरव."

बुरुलचे पाय सवयीने वळायला लागले. खिडकी होती, धुराडं होतं, धूर सरळ वर जात होता. तिने पाय थांबवले. वळलं आणि त्याने दुसरंच काही, एखादा गंजका पेच, हातावर ठेवला तर? शिवाय तिला आज वळायचंच नव्हतं.

"नाही, अता. मी बघणार."

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिची मान खाली जायला हवी होती. गेली नाही. तो उठला, दाराच्या चौकटीवर हात वर नेला, तिथून पांढऱ्या फडक्यात शिवलेली चिमुकली पुडी काढली. सकाळपासून इतक्यात शिवूनसुद्धा झाली होती. त्याने दाताने दोरा तोडला. मग नखाने टाके उसवले आणि ते तिला दिसत होतं, आणि त्याला दिसत होतं की तिला दिसतंय. परक्यासमोर कपडे उतरवायला लागावेत तसा तो अवघडला होता. खटका तिच्या हातात आला तेव्हा तो त्याच्या हातांच्या उबेने कोमट होता. ती काही चांगलं बोलायला गेली, पण त्याने हाताने नको म्हटलं आणि तो परत त्या स्वच्छ चौकोनाकडे बघत बसला.

टेम्पोत गेनाने खटका उलटसुलट करून पाहिला. "चांगला आहे. नवाच म्हणायचा. कुणी वापरलाच नाही ना." मग त्याने जोरात टेम्पो अक-ओर्दोकडे काढला. बुरुलने खटका मुठीत आवळून धरला होता. तो छोटा दांडा तिच्या तळव्यात रुतत होता आणि ती तो रुतू देत होती. उजवीकडे डोंगरांवर शेवटचं ऊन होतं. वस्तीतले रस्ते अजून कच्चे, टेम्पो उडत होता, आणि प्रत्येक धक्क्याला तिच्या डोक्यात तेच एक चित्र हलून पुन्हा नीट लागत होतं. भांडं फिरतंय, कणीक फिरतेय, पांढरी, मग पांढरी नाही.

घरामागच्या खोलीत दिवा होता. यंत्राचा आवाज बाहेरूनच ऐकू येत होता, सकाळचाच तो गोल, चांगला आवाज. दार उघडं होतं. साइकाल भांड्यावर वाकली होती, केसांना रुमाल, बाह्या कोपरापर्यंत वर, जाळी वर केलेली, आणि तिचा उजवा हात आत होता. आकडा फिरून हाताजवळून जायचा, ती मधल्या क्षणी कणकेला चिमटा घ्यायची, हात जरासा मागे, आकडा जायचा, पुन्हा चिमटा. ती तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. तिला जमत होतं. तेच भयंकर होतं, की तिला इतक्या लवकर ते जमलं होतं.

बुरुलच्या घशात हाक आली. हाक मारली तर पोरगी दचकेल, मान वळवेल आणि हात तिथेच राहील. हाक न मारावी तर हात तिथेच आहे. ती भिंतीच्या कडेकडेने गेली, पिठाच्या पोत्यावरून पाय टाकून, श्वास धरून, आणि भिंतीतली वायर दोन्ही हातांनी उपटून काढली. यंत्र घुरघुरत मंदावलं. आकडा अर्ध्यात थांबला.

"अगं बाई!" साइकाल ओरडली. "एजे? घाबरवलंत ना मला! काय केलंत हे, कणीक बसेल सगळी!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. तिचा नवरा एर्मेक घरातून चहाचा पेला हातात घेऊनच धावत आला. गेना खाली बसून जाळीखाली डोकं घालून तारांचा पीळ सोडवायला लागला. बुरुल सांगत गेली, सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं, खटक्याचं, सामसावालीच्या हाताचं, आणि आपण सकाळी बघितलं नाही तेही. काही लपवायचं होतं ते रस्त्यात कुठेतरी पडून गेलं होतं. साइकाल ऐकताना आपले हात बघत होती. कणीक त्यांच्यावर वाळून पांढरी पडत चालली होती.

खटका बसला. गेनाने यंत्र चालू केलं, जाळी उचलली, यंत्र थांबलं. पाडली, कळ दाबली, चालू. तो लहान मुलासारखा खूश झाला. साइकालने मग स्वतः करून पाहिलं. जाळी उचल, थांब, चिमटा घे, जाळी पाड, कळ दाब, थोडं फिरू दे, पुन्हा उचल. तिसऱ्या वेळी तिने सुस्कारा सोडला.

"असं करत बसले तर पहाटेपर्यंत माझी एक खेप नाही व्हायची," ती म्हणाली. "दुकानांना शब्द दिलाय मी."

एर्मेक समजूतदारपणे म्हणाला, "एजे, तुम्ही आलात, चांगलं केलंत, देव भलं करो. पण सौदा झालाय, यंत्र आमचं आहे. ती जपून करेल. तो म्हातारा नाही का, इतकी वर्षं? गेना आका, तेवढं परत आधीसारखं करून द्या."

गेनाने बुरुलकडे पाहिलं. पेचकस त्याच्या हातातच होता. खोली यीस्टच्या आंबूस वासाने भरली होती, तंदूर तापत होता, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर इतकी घाई होती, इतकी आशा, की बुरुलला त्यांचा हेवा वाटला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र त्यांचं होतं. विकलेल्या वस्तूवर आपला काय हक्क? अशा वेळी बाजारातली माणसं काय करतात ते तिला चांगलं माहीत होतं. म्हणतात, बरं बाबा, तुमची मर्जी, आणि चहा पिऊन निघतात.

तिने पुढे होऊन साइकालचा उजवा हात आपल्या हातात घेतला. ओला, गरम, कणकेने चिकट, आणि किती हलका. कुणाचाही हात असा हातात धरून किती वर्षं झाली, हे तिच्या अंगावर एकदम आलं. तिने मधली दोन बोटं वेगळी केली.

"ही विकतेस?"

"काय?"

"ही दोन. मी जुन्या वस्तूच घेते. सांग भाव."

साइकाल हसली. "काय एजे, चेष्टा करता."

"चेष्टा नाही. धंदा करतेय. वय किती आहे यांचं? कुठे मोडलीत का कधी? सांध्यांत आवाज येतो का?" बुरुल बोटांची पेरं एकेक करून वाकवत होती, बाजारात ती वस्तू तपासायची तशी, खालून वरून, नखांकडे बघत. तिचा आवाज कोरडा होता, सौद्याचा. "काम चांगलं केलेलं दिसतंय. शिवायला येतं? मुलीची वेणी घालायला येईल, झाली मुलगी तर. अंगठी बसेल. एर्मेक, तूही सांग, अर्धा भाव तुझा. भाव पडेल हं नंतर. यंत्रातून काढलेली असली की कुणी घेत नाही, आत्ताच आहे किंमत. बोला."

साइकालचं हसू ओठांवरच राहिलं होतं, ते हळूहळू गेलं. एर्मेकने पेला पोत्यावर ठेवला. बुरुलने हात सोडला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही, तोंडही फिरवलं नाही. पोरीसमोर तशीच उभी राहिली, नाक वाहत असलेली, बाहीला चरबी लागलेली एक पन्नाशीची बाई.

"भाव सांग ना," ती म्हणाली.

साइकालने हात ओढून घेतला. दुसऱ्या हाताने तो छातीशी धरला. मग नवऱ्याकडे न बघता ती वळली, जाळी खाली पाडली, कळ दाबली. यंत्र फिरायला लागलं.

बुरुल बाहेर आली. अंगणात गारठा उतरला होता, शेजारच्या घरी कुणी लाकूड फोडत होतं. गेना टेम्पोत चढून वाट बघत बसला, पण ती गाडीपाशी गेली नाही, खोलीच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. विटांमधून आवाज येत होता, सलग, गोल. तो सलगच राहिला. बराच वेळ राहिला. तिने ओठ चावले. आत पोरीने नवऱ्याला काहीतरी विचारलं, नवरा काहीतरी बोलला, आवाज चालूच. आता ती उचलणार. आता. की तो बोलला ते हेच, की काढून टाकू आपणच? गेनाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि तिला बघून पुन्हा आत घेतली. फिरतंय, अजून फिरतंय. आणि मग खट्‌ झालं, आणि यंत्र थांबलं. शांतता इतकी होती की कणकेला घेतलेला चिमटाही ऐकू यावा. जाळी पडली. यंत्र पुन्हा सुरू झालं.

"निघायचं, एजे?" गेनाने विचारलं.

बुरुलने हात वर करून त्याला गप्प केलं, आणि कान पुन्हा भिंतीला लावला.

"अजून एकदा थांबू दे," ती म्हणाली.